कम्युनिटी कॉलेजातली गळती: ऑगस्टपासून ट्रान्स्फरपर्यंत घरच्यांनी काय काय करायचं

ऑगस्टच्या शेवटी माझ्या संध्याकाळच्या स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात खुर्च्या कमी पडतात. ऑक्टोबर उजाडला की मागच्या दोन रांगा रिकाम्या. कुणी भांडून गेलेलं नसतं, कुणी ‘मला शिकायचंच नाही’ असं सांगून गेलेलं नसतं. आधी एक क्विझ बुडते. मग गाडी बंद पडली म्हणून मंगळवार चुकतो, आणि आता कुठल्या तोंडाने जायचं म्हणून गुरुवारही. मुलं शाळा-कॉलेजातून कमी होण्याला मराठीत गळती म्हणतात. हा शब्द किती नेमका आहे ते मला इथे शिकवायला लागल्यावर कळलं. पोरं कॉलेज सोडत नाहीत, गळतात.

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात अर्धवेळ गणित शिकवते. ओळखीतल्या मराठी घरांतून दर वर्षी फोन येतात. मुलाला हवं ते विद्यापीठ मिळालेलं नसतं, किंवा एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर) आलेली एखादी मैत्रीण दहा वर्षांनी पुन्हा अभ्यासाला बसलेली असते. हा लेख त्यांच्यासाठी कमी आणि त्यांच्या पाठीशी उभ्या असलेल्यांसाठी जास्त आहे: आई-बाबा, नवरा, मोठी बहीण, महाराष्ट्र मंडळातली काकू. कॅलिफोर्नियाचे नियम मला ठाऊक आहेत म्हणून तेच धरून लिहिते. न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये तारखा आणि योजनांची नावं वेगळी असतील, पण छप्पर गळतं ते साधारण त्याच जागी.

सगळ्यात आधी घरातली भाषा

आपल्याकडे ज्युनियर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. अमेरिकेतही कम्युनिटी कॉलेजांना बराच काळ ज्युनियर कॉलेजच म्हणत. त्यातलं सगळ्यात जुनं, इलिनॉयमधलं जोलिएट, १९०१ सालचं. नावाच्या या साम्यामुळे गावाकडच्या आजी-आजोबांना वाटतं, नातू बारावीतच अडकला. प्रत्यक्षात ही पदवीची पहिली दोन वर्षं असतात; उरलेली दोन ट्रान्स्फर घेऊन विद्यापीठात करायची. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत आणि राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला (आठवड्याला वर्गातला साधारण एक तास) ४६ डॉलर फी पडते. म्हणजे ६० युनिटांची दोन वर्षं २,७६० डॉलरमध्ये. पुस्तकं आणि राहणं-खाणं वेगळं.

एका घरात पुण्याच्या नातेवाइकांना ‘तो सध्या ब्रेकवर आहे’ असं सांगितलेलं मला माहीत आहे. मुलगा शेजारच्या खोलीत कॅल्क्युलसची गणितं करत होता, आणि त्याला ऐकू येत होतं. ज्या कॉलेजाचं नाव आई फोनवर घेत नाही, तिथे तो पाऊस असताना सकाळी आठला का जाईल? हे एक काम आजच, फुकट आणि फॉर्म न भरता होण्यासारखं आहे.

जून-जुलै: शाकारणी

कोकणात पावसाआधी कौलं शाकारतात, पाऊस सुरू झाल्यावर नाही. इथेही बहुतेक दुरुस्ती वर्ग सुरू होण्याआधीच करायची असते.

रहिवासाचा प्रश्न आधी मिटवा. अर्जातल्या प्रश्नांची उत्तरं घाईत चुकली की कॉलेज विद्यार्थ्याला परराज्यातला धरतं आणि बिल कित्येक पटींनी वाढून येतं. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ वरची माणसं कॅलिफोर्नियात वर्षाहून एक दिवस जास्त राहिलेली असली आणि इथेच राहायचा इरादा कागदांवर दाखवू शकली, तर रहिवासी ठरू शकतात. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, ते होत नाही. बिल चुकीचं आलं तर ते भरून गप्प बसू नका. ॲडमिशन ऑफिसात रहिवासाची फेरतपासणी मागा, आणि घराचा करार, टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स सोबत न्या.

मग काउन्सेलरची भेट. ऑगस्टमध्ये तिथे तिरुपतीची रांग असते, जूनमध्ये आरामात अर्धा तास मिळतो. भेटीतून एकच वस्तू घेऊन बाहेर पडायचं: कुठल्या सेमिस्टरला कुठले विषय, याचा लेखी आराखडा. तो नसेल तर विद्यार्थी मिळेल तो वर्ग घेत जातो आणि तिसऱ्या वर्षी कळतं की गोळा केलेल्या युनिटांपैकी बरेच पुढच्या विद्यापीठाला नकोच होते. ओरिएंटेशन आणि हा आराखडा झालेल्यांना पुढच्या नोंदणीतही लवकरची तारीख मिळते. कुठल्या कॉलेजातला कुठला विषय कुठल्या विद्यापीठात चालतो हे असिस्ट नावाच्या सरकारी संकेतस्थळावर दिसतं. काउन्सेलरकडे जाण्याआधी ते घरी उघडून बघितलं तर अर्ध्या तासाचं चीज होतं.

गणिताबद्दल एक गोष्ट. २०१७ च्या एबी ७०५ कायद्यापासून कॅलिफोर्नियात प्रवेशपरीक्षा घेऊन मुलांना खालच्या वर्गात ढकलणं जवळपास थांबलं आहे. हायस्कूलचे गुण बघून त्यांना थेट विद्यापीठपातळीच्या वर्गात बसवतात. पूर्वी तीन-तीन वर्ग खालून चढत यायचे, आणि प्रत्येक पायरीवर माणसं गळायची. आई-वडिलांना मात्र वाटतं, पाया पक्का करून घेतलेला बरा. माझं मत उलट आहे. थेट वरचा वर्ग घ्या, आणि त्याला जोडून सपोर्ट कोर्स असेल तर तोही घ्या, लाजू नका.

आता तासांचा हिशेब, जो कुणी करत नाही. वर्गातल्या एका तासाला बाहेर दोन तास अभ्यास धरतात. बारा युनिट म्हणजे आठवड्याचे ३६ तास. त्यावर दुकानातली २५ तासांची नोकरी घातली की ६१. त्यात जाणं-येणं नाही, झोप नाही, धाकट्या भावाला शाळेतून आणणंही नाही. हे आकडे कागदावर मांडून मग ठरवा, युनिट कमी करायचे की शिफ्ट. मात्र युनिट कमी करण्याआधी पैशांचा भाग वाचा, कारण बाराखाली गेलं की मदतीची गणितं बदलतात. एफ-१ वाल्यांनी तर बाराखाली जाण्याआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारल्याशिवाय काहीही करू नये. तिथे प्रश्न व्हिसाचा असतो.

पहिला आठवडा: नाव कापलं जातं ते इथे

पहिल्या तासाला न आलेल्यांची नावं आम्हाला कापावी लागतात, आणि वेटलिस्टवरचा माणूस त्या जागी बसतो. ‘लग्नाला भारतात गेलो होतो, दुसऱ्या आठवड्यात येणारच होतो’ हे मी दर ऑगस्टमध्ये ऐकते. परतीचं तिकीट काढताना कॉलेजचं कॅलेंडर उघडं ठेवा. खरंच अडलं असेल तर वर्ग सुरू होण्याआधी शिक्षकाला ईमेल करा. नंतर केलेल्या ईमेलला मी फक्त सहानुभूती देऊ शकते.

ऑनलाइन वर्गात तर आणखी फसगत होते. कॅनव्हासवर (कॉलेजचे ऑनलाइन वर्ग जिथे चालतात त्या संकेतस्थळावर) लॉगिन केलं म्हणजे हजेरी लागली असं नाही. ओळख करून देणारी पोस्ट किंवा सिलॅबसची क्विझ, जे काही पहिलं काम दिलं असेल ते पूर्ण करावं लागतं. गेल्या काही वर्षांत इथे आर्थिक मदत लाटण्यासाठी खोट्या नावांनी प्रवेश घेणाऱ्या टोळ्यांचा सुळसुळाट झाला आहे, त्यामुळे शिक्षक आता उत्तर न देणाऱ्याला फार काळ ठेवत नाहीत. खरा विद्यार्थी त्या झाडूत जाऊ नये म्हणून पहिल्या तीन दिवसांत काहीतरी सबमिट झालेलं असावं.

त्याच आठवड्यात सगळ्या वर्गांचे सिलॅबस एका टेबलावर पसरा आणि परीक्षांच्या तारखा एकाच कॅलेंडरवर उतरवा, कालनिर्णयावर उतरवल्या तरी हरकत नाही. दोन मिडटर्म एकाच दिवशी आल्या असतील तर ते सप्टेंबरातच दिसतं. कॅलेंडरवर लाल पेनाने आणखी तीन तारखा हव्यात: फी परत मिळण्याची शेवटची, शेरा न लागता वर्ग सोडण्याची शेवटची, आणि डब्ल्यू (विथड्रॉअल, म्हणजे ‘वर्ग सोडला’ असा शेरा) घेऊन सोडण्याची शेवटची. या तीन तारखा माहीत असलेला विद्यार्थी मला क्वचितच भेटतो.

पहिला महिना: एक तरी ओळखीचा माणूस

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये आपल्या कम्युनिटी कॉलेजांत एएसएपी नावाचा कार्यक्रम सुरू केला. पूर्णवेळ शिकायचं, आणि बदल्यात पाठ्यपुस्तकं, शिकवणी, प्रवासाचं मेट्रोकार्ड, आणि मोजकेच विद्यार्थी सांभाळणारा एक सल्लागार. संशोधकांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून तुलना केली. तीन वर्षांत पदवी घेणारे कार्यक्रमातल्या गटात ४० टक्के, बाहेरच्या गटात २२. ओहायोतल्या कॉलेजांनी हीच पद्धत उचलली, तेव्हा तिथेही जवळपास तसाच फरक दिसला.

मला त्यातली मेट्रोकार्डाची गंमत फार आवडते. कार्ड दर महिन्याला मिळायचं, पण सल्लागाराच्या भेटी आणि बाकीच्या अटी पाळल्या तरच. म्हणजे प्रवासाची सोय हेच भेटीचं निमित्त. अडचण आल्यावर ये, असं सांगून कुणी येत नाही. अडचणीतला माणूस तोंड लपवतो. कार्डासाठी आलेला मात्र जाता जाता सांगून जातो, ‘तसं बरं आहे, फक्त बायॉलॉजीचं जरा…’ आणि त्या ‘जरा’पाशी गळती सापडते.

घरी हेच करता येतं. रविवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं, चहा किंवा पोहे हे निमित्त. ‘अभ्यास झाला का?’ हा प्रश्न बंद, कारण त्याचं उत्तर जगभर ‘हो’ असंच आहे. त्याऐवजी म्हणा, ‘या आठवड्यात काय काय सबमिट करायचंय ते कॅनव्हासवर दाखव.’ दाखवताना जे राहून गेलंय ते आपोआप दिसतं. दिसलं की ओरडायचं नाही. एकदा ओरडलात की पुढच्या रविवारी लॅपटॉप चार्ज नसतो.

शिक्षकाला फोन करून मार्क विचारू नका. १९७४ च्या फर्पा कायद्यानुसार कॉलेजात पाऊल टाकल्यावर विद्यार्थ्याच्या नोंदींवर त्याचाच हक्क असतो, मग तो सतरा वर्षांचा का असेना आणि फी तुम्ही का भरत असेना. मला मुलाचं नाव वर्गात आहे की नाही एवढंही तुम्हाला सांगता येत नाही. पुण्याहून आलेल्या एका बाबांना याचा फार राग आला होता. राग समजतो, पण नाइलाज आहे.

तुम्ही करू शकता ते असं: मुलाला ऑफिस अवर्सना, म्हणजे शिक्षक भेटीसाठी राखून ठेवतात त्या वेळेला, एकदा पाठवा. पहिल्यांदा जाताना काय बोलायचं हे ठाऊक नसतं म्हणून जात नाहीत, तर दोन वाक्यं घरी बसवून घ्या. ‘मी तुमच्या मंगळवार-गुरुवारच्या वर्गात आहे. गृहपाठातला हा चौथा प्रश्न मला इथपर्यंत आला, पुढे अडलो.’ बस. हुशारीचा प्रश्न लागत नाही. चौथ्या आठवड्यात ज्याचा चेहरा मी ओळखते, तो सातव्या आठवड्यात गायब झाला तर मी स्वतः ईमेल करते. बाकीचे माझ्या यादीत फक्त नावं असतात.

कॉलेजात ईओपीएस आहे का तेही विचारा. १९६९ पासून चाललेला हा राज्याचा कार्यक्रम कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना पुस्तकांसाठी पैसे, वेगळा काउन्सेलर आणि लवकरची नोंदणी देतो. १९८१ मध्ये हेवर्डच्या शाबो कॉलेजात सुरू झालेला पुएन्ते अनेक कॉलेजांत आहे: इंग्रजी लेखनाचा वर्ग, काउन्सेलर आणि बाहेरचा मार्गदर्शक एकत्र. शिकण्यात अडचण असेल, एडीएचडी असेल, तर डीएसपीएस, म्हणजे अशा विद्यार्थ्यांना सवलती मिळवून देणारं कार्यालय. आपल्या घरांत या शेवटच्या दाराशी फार अडखळतात. तिथे नाव घातल्याने पदवीवर काही लिहून येत नाही, परीक्षेला जास्त वेळ मात्र मिळतो.

सहावा ते दहावा आठवडा: सोडायचं की लढायचं

पहिल्या मिडटर्मचे गुण आले की खरी परीक्षा. ४१ मिळाले. घरी सांगितलेलं नाही. आता तीन वाटा असतात, आणि बहुतेक जण चौथी धरतात: काहीच न करता वर्गाला जाणं थांबवणं. ती सगळ्यात महाग. शिक्षक नाव कापेलच असं नाही, आणि न कापलेलं नाव शेवटी एफ (नापास) घेऊन येतं.

पहिली वाट, टिकून राहणं. सिलॅबस उघडा आणि हिशेब करा. मिडटर्मला २० टक्के वजन असेल आणि ४१ मिळाले असतील, तर हातात ८.२ आले. सी श्रेणीसाठी ७० लागतात. उरलेल्या ८० टक्क्यांतून ६१.८ हवेत, म्हणजे सरासरी ७७. गृहपाठाचे गुण चांगले असतील तर हे जमण्यासारखं आहे. मुलं हा हिशेब करत नाहीत, ४१ बघून ‘संपलं’ म्हणतात. माझ्या टेबलाशी हा हिशेब मांडल्यावर चेहरा बदललेला मी अनेकदा पाहिला आहे.

दुसरी वाट, डब्ल्यू घेणं. साधारणपणे सेमिस्टरचा तीन चतुर्थांश भाग होईपर्यंत ते करता येतं, नेमकी तारीख कॉलेजच्या कॅलेंडरवर. डब्ल्यूने जीपीए, म्हणजे श्रेणींची सरासरी, पडत नाही. मुंबई-पुण्यात शिकलेल्या पालकांना ते एटीकेटीसारखं वाटतं आणि धसका बसतो, पण डब्ल्यू म्हणजे नापास नव्हे. एखादा डब्ल्यू बघून विद्यापीठं दार लावत नाहीत. पण तो फुकटही नाही. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात एक विषय साधारण तीनदाच घेता येतो आणि डब्ल्यूही त्या तिनात मोजतात. शिवाय घेतलेल्या युनिटांपैकी किती पूर्ण झाले हा हिशेब बिघडतो, त्याबद्दल पुढे.

तिसरी वाट फार कुणाला माहीत नसते. आजारपण, अपघात, घरातला मृत्यू, नोकरीमुळे अचानक गाव बदलणं, अशा वेळी ईडब्ल्यू (एक्सक्यूज्ड विथड्रॉअल, सबळ कारणाचा डब्ल्यू) मागता येतो. कागद जोडावे लागतात, पण तो त्या तीन प्रयत्नांत धरत नाहीत. आजोबा गेले म्हणून तीन आठवडे भारतात जाऊन आलेल्या मुलाने साधा डब्ल्यू घेतला होता. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही, त्या वर्षी मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

माझा नियम असा: हिशेब जमत असेल आणि मूल वर्गाला जात असेल तर टिका. हिशेब जमत असेल पण दोन आठवड्यांत एकही तास गाठलेला नसेल, तर एक विषय सोडून बाकीचे वाचवा. सगळेच विषय सोडायची वेळ आली असेल तर आधी फायनान्शियल एड ऑफिसात जा. बटण नंतर दाबा.

पैसा

फाफसा, म्हणजे केंद्राच्या आर्थिक मदतीचा अर्ज, दर वर्षी भरायचा असतो, एकदा भरून भागत नाही. मुलगा अमेरिकन नागरिक असेल तर आई-वडील एच-१बी आणि एच-४ वर असले तरी त्याला अर्ज करता येतो. आईकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी तिचं खातं उघडतं. स्वतः एच-४ वर असलेल्या विद्यार्थ्याला केंद्राची मदत मिळत नाही. आणि ज्या मैत्रिणीकडे भारतातली पदवी आहे तिला, ग्रीन कार्ड असलं तरी, केंद्राची पेल ग्रँट नाही, कारण ती पहिल्या पदवीसाठी आहे. राज्याच्या कॅल ग्रँटसाठी २ मार्चची तारीख चुकली तर कम्युनिटी कॉलेजवाल्यांना २ सप्टेंबरची दुसरी संधी असते.

२०२५-२६ साठी पेलची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर होती. मदत टिकवायला मात्र अटी आहेत. जीपीए किमान २.०, आणि घेतलेल्या युनिटांपैकी साधारण ६७ टक्के पूर्ण. बारा युनिट घेऊन दोन विषय, सहा युनिट, सोडले तर पूर्ण झाले ५० टक्के. कॉलेज आधी इशारा देतं, मग मदत थांबवतं. थांबल्यावर अपील करता येतं, आणि नेमकं काय घडलं नि आता काय बदललं हे सांगणारं पत्र कागदांसह दिलं तर अपिलं मंजूर होतात. ‘पुन्हा मेहनत करीन’ एवढ्यावर होत नाहीत.

दुसरा सापळा ६० टक्क्यांचा. सेमिस्टरचे ६० टक्के दिवस, म्हणजे साधारण दहावा आठवडा, उलटण्याआधी सगळे वर्ग सोडले तर मिळालेल्या केंद्रीय मदतीचा काही भाग परत करावा लागतो. तो न भरला की खात्यावर होल्ड लागतो आणि पुढची नोंदणीच होत नाही. किती तरी मुलं अशा दोन-तीनशे डॉलरांच्या होल्डमुळे वर्षभर घरी बसतात, आणि घरच्यांना पत्ताही नसतो. कॅलिफोर्नियात थकबाकीसाठी ट्रान्सक्रिप्ट अडवून ठेवता येत नाही, पण नोंदणी अडते. बर्सरच्या (फी घेणाऱ्या कार्यालयाच्या) खिडकीवर हप्ते मागा, बहुतेक कॉलेजं देतात.

पुस्तकांसाठी वेळापत्रकात झीटीसी अशी खूण असलेले वर्ग शोधा, त्यांना पाठ्यपुस्तकाचा खर्च शून्य. आणि कॉलेजात बेसिक नीड्स सेंटर असतं: धान्य, कपडे, कधी बसचा पास. तिथे जायला आपली माणसं लाजतात. शिधा घेतलाच पाहिजे असं नाही, पण भूक लागलेली असताना व्हेरिअन्स कळत नाही हे मी शपथेवर सांगते.

नोव्हेंबर: पुढचं सेमिस्टर

पुढची नोंदणी फायनलच्या धावपळीत उघडते, म्हणून राहून जाते. जानेवारीत वर्ग भरलेले असतात, मग ‘एक सेमिस्टर थांबतो’, आणि थांबलेला परत येईलच असं नाही. नोंदणीच्या तारखेच्या आठवडाभर आधी पोर्टल उघडून होल्ड आहे का बघा. तारखेला सकाळीच, मनातले विषय कार्टमध्ये तयार ठेवून, बसा. तत्काळ तिकीट काढताना बसतो तसंच.

ट्रान्स्फरचं थोडक्यात. यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) सहा कॅम्पसना (डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ) प्रवेशाची हमी देणारा टॅग करार आहे. अर्ज सप्टेंबरमध्येच, एकाच कॅम्पसला, आणि काही विषय त्यातून वगळलेले असतात. बर्कली आणि लॉस एंजेलिस त्यात नाहीत. कॅल स्टेटसाठी (राज्याची दुसरी विद्यापीठ-व्यवस्था) ट्रान्स्फरची असोसिएट, म्हणजे दोन वर्षांची, पदवी घेतली तर त्या व्यवस्थेत जागा पक्की असते, आवडत्या कॅम्पसवर असेलच असं नाही. हमी हातात आली म्हणून शेवटच्या सेमिस्टरचे विषय सोडू नका. त्या गुणांवर प्रवेश रद्द होतो.

आणि जो आधीच गळलाय त्याचं

परतीची वाट वाटते त्यापेक्षा सोपी आहे. नव्याने अर्ज करायचा, तो फुकट असतो. होल्ड किती डॉलरांचा आहे ते विचारायचं. जुने एफ असतील तर काउन्सेलरला ॲकॅडेमिक रिन्यूअलबद्दल विचारायचं; पुढचे गुण चांगले आले की ठरावीक अटींवर जुने गुण जीपीएच्या हिशेबातून काढता येतात. पहिल्या सेमिस्टरला दोनच विषय, त्यातला एक आवडीचा.

गेल्या वर्षी संध्याकाळच्या वर्गात एक तिशीतला मुलगा आला. सहा वर्षांपूर्वी माझ्याच वर्गातून ऑक्टोबरमध्ये गेला होता. त्याला वाटलं मी ओळखणार नाही. मी ओळखलं, पण काही बोलले नाही, सिलॅबस दिला. सोमवारी त्याची क्विझ सगळ्यात आधी आली. त्या गुरुवारी ऑफिस अवर्सना तो दारात उभा राहून म्हणाला, ‘चौथा प्रश्न इथपर्यंत आलाय.’